अर्ध्या दिवसाची वाट : गारखेड्याभोवती ज्येष्ठांच्या उन्हाळी आणि शारदीय सहली

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण अंगाला असलेले गारखेडा हे एकेकाळी शेतशिवाराने वेढलेले गाव होते. १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली, पुढच्या दशकांत शहर बीड बाह्यवळणाच्याही पलीकडे पसरत गेले आणि या गावाभोवती वसाहती, शाळा, दवाखाने व विभागीय क्रीडा संकुल उभे राहून त्याचा ‘गारखेडा परिसर’ झाला. या परिसरातील घराघरांत आज पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड अशा तालुक्यांतून मुलांकडे राहायला आलेली वडीलधारी माणसे आहेत, तर त्यांचे भाऊ-बहिणी, दीर-जावा अजून गावाकडेच शेतात आणि ओसरीवर आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून अधिक लोक होते, त्यांपैकी ७ कोटींहून अधिक ग्रामीण भागात राहत होते आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत या वयोगटाचे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते. या माणसांच्या औषधपाण्याची, निवृत्तिवेतनाची, सांभाळाची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण वर्षातून चार-सहा वेळा तरी घराचा उंबरठा ओलांडून निवांतपणे कुठेतरी जाऊन यावे, ही त्यांची साधी इच्छा मात्र क्वचितच कोणी गांभीर्याने विचारात घेते.

ग्रामीण भागातील वृद्ध माणूस केवळ हिंडण्यासाठी घराबाहेर पडत नाही, त्याला निमित्त लागते. आठवडी बाजार, जत्रा, लेकीचे सासर, नातवाचे लग्न, सप्ताहातील काल्याचे कीर्तन ही त्याची निमित्ते असतात आणि त्या निमित्तांच्या आडून त्याला जे हवे असते ते मिळते: चार ओळखीचे चेहरे, वेगळ्या विहिरीचे पाणी, झाडाखाली बसून काढलेला एखादा तास. गावातील विधवा स्त्रीच्या बाबतीत तर हे निमित्त अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण हळदीकुंकवाला जिला आजही अनेक ठिकाणी बोलावले जात नाही, तिला देवदर्शनाला निघताना कोणी अडवत नाही. म्हणूनच ज्येष्ठांच्या सहलीचा विचार करताना पर्यटन कंपन्यांच्या पाच दिवसांत सात ठिकाणे दाखवणाऱ्या आराखड्याकडे न पाहता पंचांगात आणि शेतीच्या वर्षात आधीपासून असलेल्या निमित्तांकडे पाहणे शहाणपणाचे आहे. अर्धा दिवस, एकच ठिकाण आणि परतायची घाई नाही, एवढे माप धरले तर बहुतेक अडचणी निघण्याआधीच सुटतात.

शेतीचे वर्ष येथे एक पेच उभा करते. चैत्र-वैशाखात रब्बीची रास घरात आलेली असते, मळणी उरकलेली असते, मुलासुनांच्या हाताला थोडी उसंत असते आणि जीप किंवा ट्रॅक्टर रिकामा असतो. पण नेमकी तेव्हाच मराठवाड्यातील हवा सर्वांत कठोर असते. याउलट आश्विन-कार्तिकात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आकाश निवळते, रान हिरवे असते, तळी भरलेली असतात, परंतु त्याच वेळी सोयाबीनची काढणी, मक्याची सोंगणी, कापसाची वेचणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी एकावर एक येऊन पडतात व घरातला प्रत्येक धडधाकट माणूस शिवारात अडकतो. उन्हाळ्यात सोबत आहे पण हवा नाही, शरदात हवा आहे पण सोबत नाही, असा हा पेच असल्यामुळे दोन्ही ऋतूंतील सहली वेगवेगळ्या रीतीने बेताव्या लागतात.

उन्हाळ्याचा विचार आधी शरीरापासून करावा लागतो. या जिल्ह्यात मे महिन्यातील कमाल तापमान चाळिशीच्या आसपास असते आणि काही दिवस ते त्याच्याही वर जाते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणजे शरीरातील पाणी कमी झालेले असले तरी माणसाला प्यावेसे वाटत नाही. घाम येण्याची क्षमता घटते, त्वचेकडे जादा रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याची हृदयाची ताकद कमी होते आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे पूर्वीइतके जमत नाही. त्यात रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे सुरू असतील तर शरीर आणखी लवकर कोरडे पडते, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर पडण्याआधी अशा औषधांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. ती स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे आहे. ‘आमचा जन्म उन्हातच गेला’ असे म्हणणारे शेतकरी आजोबा खोटे बोलत नाहीत. शरीराला उष्णतेची सवय होते हे खरेच आहे, परंतु ही सवय रोजच्या वावराने टिकते आणि गेली दोन वर्षे गारखेड्यातील सदनिकेत पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या शरीराला ती उरलेली नसते.

या कारणाने उन्हाळी सहलीला दिवसाची दोनच टोके मोकळी राहतात: पहाट ते साधारण साडेनऊ आणि ऊन कलल्यानंतर, म्हणजे साडेपाचच्या पुढे. कोणते ठिकाण कोणत्या टोकाला पाहावे हेही ठरवता येते. ज्या ठिकाणी दगडच दगड आहे तेथे सकाळी जावे, कारण काळा पाषाण दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ धग सोडत राहतो. जेथे झाडे आणि पाणी आहे तेथे संध्याकाळी जावे.

शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले वेरूळ हे सकाळच्या वेळेचे उत्तम उदाहरण आहे. येथील ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यात कोरलेली असल्यामुळे सकाळी डोंगराचीच सावली लेण्यांच्या अंगणांवर पडलेली असते आणि दुपारनंतर तेच अंगण उन्हाने भरून जाते. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही सर्व लेणी पाहण्याचा अट्टहास ज्येष्ठांनी धरू नये. पहिल्या १२ बौद्ध, पुढील १७ हिंदू आणि शेवटच्या ५ जैन लेण्यांची रांग कड्याच्या कडेने सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहे आणि चढउतारांसह ती पायी पार करणे गुडघ्यांना झेपणारे नसते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलेले कैलास हे सोळावे लेणे प्रवेशद्वारासमोरच आहे आणि त्याचे अंगण, हत्तींची रांग, ध्वजस्तंभ व प्रदक्षिणेच्या ओवऱ्या जिने न चढताही पाहता येतात. एका लेण्यात तासभर बसणे हे दहा लेण्यांतून धावत जाण्यापेक्षा कितीतरी अधिक पाहणे असते. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवलेले बरे.

लेण्यांत शिरताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारात ती पूर्वीसारखी विस्फारत नाही, त्यामुळे लख्ख उन्हातून काळोख्या मंडपात पाऊल टाकल्यावर तरुण डोळ्यांना ज्या गोष्टी थोड्याच वेळात दिसू लागतात त्या वृद्ध डोळ्यांना बराच वेळ दिसत नाहीत, आणि उंबऱ्याला ठेच लागून पडण्याचे प्रसंग नेमके याच वेळात घडतात. दाराशी खांबाला हात लावून काही काळ थांबणे, सोबतच्याने पायरी आधी सांगणे, एवढ्याने हा धोका टळतो. लेण्यांपासून जवळच असलेले, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वराचे मंदिर त्याच सकाळी घेता येते, पण श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तेथील रांगेत उभे राहणे ज्येष्ठांसाठी सोयीचे नसते.

वाटेवरच्या देवगिरीच्या किल्ल्याविषयीही असेच म्हणता येईल. अंधारी वाट, खंदक आणि माथ्यापर्यंतचा चढ तरुणांसाठी सोडून द्यावा. परंतु सपाटीवरचा हत्ती हौद, चांद मिनार आणि भारतमाता मंदिर एवढा खालचा भाग सावकाश चालणाऱ्यांनाही पाहता येतो, आणि ज्यांनी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतूनच हा किल्ला पाहिला त्यांना तेवढेही समाधान देते. संध्याकाळच्या वेळेसाठी शहरातच पाणचक्कीचे आवार आहे, जेथे दूरवरून जमिनीखालच्या नहरीने आणलेल्या पाण्याच्या दाबावर जाते फिरवण्याची जुनी योजना पाहता येते आणि हौदाकाठी मोठ्या वडाखाली बसता येते; ज्यांनी स्वतः जात्यावर दळण दळले आहे त्या स्त्रियांना पाण्यावर फिरणाऱ्या जात्याची यंत्रणा कोणी उलगडून सांगावी लागत नाही. सुमारे हजार मीटर उंचीवरील म्हैसमाळला गिरिजादेवीचे मंदिर आहे आणि मे महिन्यातील संध्याकाळी तेथे शहरापेक्षा हवा हलकी लागते, मात्र घाटाची वळणे मळमळ आणणारी असल्यामुळे भरल्या पोटी तो प्रवास करू नये.

उन्हाळ्यातील सर्वांत सोपी, आणि बहुधा सर्वांत सुखाची सहल आमराईची असते. मराठवाड्याचा केसर आंबा भौगोलिक मानांकन मिळवून आहे आणि जिल्ह्यात त्याच्या बागा आहेत. शहरात राहायला आलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या बागेत नेऊन बाजेवर बसवणे, पाडाला आलेले फळ त्याच्या हातून उतरवून घेणे आणि यंदा मोहोर कसा होता यावर त्याचे मत ऐकणे, यासाठी तिकीट लागत नाही की मार्गदर्शक. शेतकरी माणसाला पाहुणा म्हणून बसवून ठेवण्यापेक्षा जाणकार म्हणून विचारले की तो खुलतो.

पाण्याच्या प्रश्नाला जोडूनच एक प्रश्न येतो ज्याविषयी घरात उघडपणे बोलले जात नाही. स्वच्छ शौचालय मिळेल की नाही याची खात्री नसल्यामुळे असंख्य वृद्ध स्त्रिया प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करतात आणि उन्हाळ्यात हीच गोष्ट चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात यांना वाट करून देते. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांचीही अवस्था वेगळी नसते. तेव्हा सहलीचे ठिकाण निवडताना तेथील देखावा नंतर आणि शौचालय आधी पाहिले पाहिजे. ते कुठे आहे, त्याला किती पायऱ्या आहेत, तेथे पाणी आहे का, याची विचारपूस आधी फोनवर करणे हा संकोचाचा नव्हे तर आदराचा भाग आहे. पिण्यासाठी ताक, लिंबू सरबत किंवा कैरीचे पन्हे हे घरचे उपाय चांगलेच आहेत. घाम फार गेला असेल, जुलाब किंवा थकवा असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जलसंजीवनीचे प्रमाण उपयोगी पडते, मात्र मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी साखर, मीठ आणि पाणी यांचे आपले प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. शिदोरीला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असली म्हणजे उघड्यावरचे खाण्याची गरज उरत नाही. दात नसलेल्यांसाठी दशमी दुधात कुस्करता येते, हाही तिचा गुण आहे.

भाद्रपद सरता सरता चित्र पालटते. पावसाळा परतीला लागतो, ऑक्टोबरमधील दुपारी पुन्हा तापतात, पण सकाळ-संध्याकाळ सुखद होतात आणि सणांची रांग लागते. नवरात्रात शहरात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. तिची रात्रीची गर्दी टाळून सकाळी लवकर दर्शन उरकणे ज्येष्ठांना मानवते. आश्विन पौर्णिमेला कोजागरी येते, आणि मनुष्यबळाचा पेच ती आपोआप सोडवते, कारण दिवसभर कापूस वेचून आलेली मुलेही रात्री गच्चीवर, शेतातल्या खळ्यावर किंवा मंदिराच्या पटांगणात दुधासाठी जमू शकतात. त्याच पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडा असतो. महिनाभर रोज पहाटे उठून, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन, शेजारणीच्या सोबतीने मंदिरापर्यंत चालत जाणे, तासभर अभंगांना टाळ धरणे आणि उजाडताना परतणे ही खरे तर ग्रामीण ज्येष्ठांनी स्वतःसाठी रचलेली सर्वांत परिपूर्ण सहल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढच्या माणसांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय तोल सांभाळण्याचा सराव हितकारक असतो. काकड्याला जाणाऱ्या आजींच्या चालण्याने त्यातील मोठा वाटा पुरा होतो. जपानच्या वनविभागाने १९८२ मध्ये अरण्यात निवांत वेळ घालवण्याच्या प्रथेला ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान असे नाव देऊन तिचा प्रसार केला. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची आवळीभोजनाची येथील प्रथा त्याहून जुनी आहे आणि तिच्यात सावली, सोबत व जेवण अशी तिन्ही सुखे आहेत. शहराच्या कडेला आवळीचे झाड उरलेले नसेल तेथे गावाकडच्या बांधावर जाणे हेच उत्तम निमित्त होऊ शकते.

शरदातील लांबची सहल पैठणची असावी. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या या गावात एकनाथांची समाधी आहे, गोदावरीचे घाट आहेत आणि गावाशेजारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले, सुमारे १० किलोमीटर लांबीचे जायकवाडी धरण आहे. त्याच्या नाथसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. ज्यांचे माहेर किंवा जुने शेत या पाण्याखाली आहे अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि भरलेला जलाशय पाहणे हा त्यांच्यासाठी नुसता देखावा नसतो. वरच्या खोऱ्यात पाऊस जोराचा झाला की धरणाच्या २७ दरवाजांपैकी काही उघडले जातात आणि बघ्यांची झुंबड उडते. त्या दिवशी ज्येष्ठांना तेथे नेऊ नये, कारण गर्दीत तोल जातो आणि घाटही पाण्यात असू शकतात. पाणी शांत झाल्यावर, हिवाळी पाहुणे पक्षी उतरू लागतात त्या कार्तिकात जाणे अधिक चांगले. देवगिरीकडच्या रस्त्यावर याच दिवसांत सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात आणि त्या वाटेवरून परतणारी गाडी तेथे थांबल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यानंतरचे दोन धोके मात्र विसरता कामा नयेत: दगडी पायऱ्यांवरचे वाळत आलेले शेवाळ, जे कोरडे दिसते पण निसरडे असते, आणि गुडघाभर वाढलेल्या गवतातले साप. रबरी तळव्याची घट्ट पादत्राणे आणि काठी या दोन वस्तूंनी दोन्ही धोके बरेच कमी होतात.

निमित्ते सर्वांची सारखी नसतात, आणि नसावीत. वैशाखी पौर्णिमेला आणि आश्विनातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी बौद्ध कुटुंबांतील ज्येष्ठ शहराच्या उत्तरेकडील बुद्ध लेण्यांच्या पायथ्याशी येतात. लेण्यांपर्यंतचा चढ न चढताही तेथील वंदनेत सहभागी होता येते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचा नागसेनवन परिसर त्याच दिवशी पाहता येतो. खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे व भद्रा मारुतीचे मंदिर एकाच गावात असल्याने तेथे जाणाऱ्या जीपमध्ये दोन्ही धर्मांची वडीलधारी मंडळी शेजारी बसलेली दिसतात. भद्रा मारुतीला रात्रभर चालत जाण्याची हौस मात्र तरुणपणीची. साठीनंतर ती वाहनाने फेडली तरी देवाची हरकत नसावी.

प्रवासखर्चाचा अडथळा पूर्वीइतका राहिलेला नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे पडते, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील प्रवाशांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली राज्यात मोफत प्रवास करता येतो आणि मार्च २०२३ पासून कोणत्याही वयाच्या स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ असावा लागतो. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना एकवेळ ३,००० रुपये देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. त्याच वर्षी आलेली तीर्थदर्शन योजना दूरच्या यात्रांसाठी आहे. तिचे मोल आहेच, परंतु रेल्वेच्या लांब प्रवासाऐवजी तालुक्यातल्या तालुक्यात अर्ध्या दिवसाच्या गाड्या पाठवल्या तर कितीतरी अधिक गुडघ्यांना त्याचा लाभ मिळेल. एसटीची पहिली पायरी अजूनही उंच आहे आणि थांब्यावर बसायला सावलीतला बाक क्वचितच असतो. भाडे माफ झाले तरी चढता न येणाऱ्या माणसासाठी ती गाडी बंदच राहते.

शहरात अशा सहली ज्येष्ठ नागरिक संघ आखतात. गावात हे काम भजनी मंडळ करू शकते, कारण मंडळाकडे माणसांची यादी आहे, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याची माहिती आहे आणि सर्वांचा विश्वास आहे. चौदा-पंधरा जणांची एक गाडी, त्यांत दोन धडधाकट तरुण, प्रत्येकाच्या खिशात नाव, घरचा फोन नंबर आणि सुरू असलेल्या औषधांची चिठ्ठी, एवढ्या तयारीवर निघता येते. विसराळूपणा वाढलेल्या माणसाला वगळू नये. त्याच्या शेजारी त्याच्या तारुण्यातला सोबती बसवावा, कारण काल काय घडले हे न आठवणारी अशी माणसे चाळीस वर्षांपूर्वीच्या यात्रेचा तपशील पुष्कळदा बिनचूक सांगतात. कुठे जायचे हेही त्यांनीच ठरवावे. घरच्यांनी वेरूळ ठरवावे आणि आजींना मात्र बहिणीच्या गावचा बाजार पाहायचा असावा, असे पुष्कळ घडते, आणि अशा वेळी बाजारालाच जावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर थंडी उतरते, सकाळी सांधे आखडतात आणि पहाटेच्या वेळा दुपारकडे सरकवाव्या लागतात. तोवर ज्वारी पोटऱ्यात येते आणि मार्गशीर्ष-पौषात शेतावरून हुरड्याची बोलावणी येऊ लागतात.